वीस घरांची ओळ

बकुळाने ब्रेल शिकायला घेतलं ते निव्वळ जळफळाटापोटी. लोकांना सांगायला चांगली कारणं होती, लेकीसाठी आईने एवढं करायलाच हवं वगैरे. पण खरं कारण असं, की लेक एकटीच हसायची. तेजस्वी संध्याकाळी बँकेतून यायची, चहा घ्यायची आणि लॅपटॉपपुढे बसायची. लॅपटॉपचा पडदा काळा. "मला काय उपयोग त्याचा? फुकट बॅटरी खातो," म्हणून तिने तो बंदच करून टाकलेला. त्याच्यापुढे एक लांबट, चपटी पट्टी असायची. पट्टीवर टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके आपोआप वर यायचे, खाली जायचे, आणि त्यांवरून बोट फिरवता फिरवता ही सव्वीस वर्षांची घोडी खुदकन हसायची.

"काय झालं गो?" बकुळा पोळी लाटता लाटता विचारायची.

"काही नाही आई. गेम आहे."

गेम म्हणजे नुसते शब्द. ना चित्र, ना आवाज. कुठे जायचं, काय उचलायचं ते टाइप करायचं आणि पुढे काय घडलं ते पट्टीवर वाचायचं. असले गेम इंग्रजीत ढिगाने होते. मराठीत नाहीत म्हणून तेजस्वीने स्वतःच एक लिहायला घेतला होता, तिच्यासारख्याच न दिसणाऱ्या आठ-दहा मित्रमैत्रिणींसाठी. गेमचं गाव चामटोली, हे बकुळाला ठाऊक होतं. चामटोली तिचं स्वतःचं सासर. बदलापूरच्या या दोन खोल्यांत ते नंतर आले. नवरा, कैलास, अजूनही दर रविवारी शेतावर जायचा. आपल्याच गावावर पोरगी हसतेय आणि आपल्याला पत्ता नाही, हे बकुळाला काही केल्या पचेना.

म्हणून तिने अंबरनाथच्या यशोधराबाईंना गाठलं. यशोधराबाई स्वतः अंध, शाळेतून निवृत्त झालेल्या, आणि स्वभावाने सुतासारख्या सरळ. त्यांनी पहिल्याच दिवशी बकुळाची बोटं चाचपली आणि निकाल देऊन टाकला. साड्यांच्या दुकानात कामाला राहून, फॉल लावून लावून बकुळाची तर्जनी पार निबर झाली होती. "हे बोट मेलंय. करंगळीशेजारच्याने वाचा. आणि डोळे मिटा. बघून वाचलंत तर ती कॉपी झाली." सहा महिने दर शनिवारी बकुळा लेकीला ओव्हरटाइम सांगून तिथे जात राहिली. एका अक्षराला सहा ठिपक्यांचं एक घर. जाड कागदावर घराला घर लागून शब्द, शब्दाला शब्द लागून ओळ. दिवाळीपर्यंत ती रखडत का होईना, वाचायला लागली.

आणि एका रविवारी संधी आलीच. कैलास शेतावर गेला होता. तेजस्वी न्हायला निघाली. "आई, गेम चालू ठेवलाय, हात लावू नकोस हं." हात लावू नकोस म्हटल्यावर हात न लावणारी आई अजून जन्माला यायची आहे. मोरीचं दार लागलं तशी बकुळा खुर्चीवर टेकली. लेक बाहेर आली की तिच्यापुढे एक ओळ घडाघडा म्हणून दाखवायची, मग ती कशी किंचाळते ते बघायचं, असा बेत होता. मनातल्या मनात तिला आत्ताच हसू फुटत होतं. तिने डोळे मिटले आणि बोट ठेवलं.

तू जागी झालीस.

जमलं की! ओळ संपली की तेजस्वी अंगठ्याने पट्टीपुढचं बटण दाबते, हे तिने हजारदा पाहिलं होतं. तिने दाबलं. बोटाखाली ठिपके वळवळले.

आई चुलीपाशी आहे.

ही मीच, बकुळा खूश झाली.

तिच्या हातात वाटी.

बोट थांबलं. का थांबलं ते तिचं तिला कळलं नाही. तिने बटण दाबलं.

वाटी कलंडली.

पुन्हा दाबलं.

सगळीकडे काळोख.

अंगठा नको म्हणत असताना तिने बटण दाबलं आणि एकेक घर चाचपत ओळीच्या शेवटापर्यंत गेली.

आईनं ते मुद्दाम केलं

बकुळाने विस्तवावरून काढावा तसा हात काढला. मोरीतलं पाणी वाजत होतं, खाली कुणीतरी भंगारवाल्याला हाक मारत होतं, आणि तिला वाटलं, संपलं. तेवीस वर्षं झाकून ठेवलेलं पोरीला माहीत आहे. आजचं नाही, कधीपासूनचं माहीत आहे, आणि तिने ते गेममध्ये लिहून दहा जणांना वाचायला दिलं आहे.

तेजस्वी तीन वर्षांची असताना तिचे डोळे आले होते. लाल, सुजलेले, चिकटलेले. कैलास आठवडाभर बाहेरगावी कामावर. डॉक्टरने दिलेल्या थेंबांनी दोन दिवसांत फरक पडेना, तेव्हा शेजारच्या बनूबाईने सांगितलं, चुन्याची निवळी घाल, सगळा मळ धुऊन निघेल. बकुळाने वाटीत चुना कालवला. चुना तळाशी बसून वरचं पाणी नीट निवळायला वेळ लागतो. तेवढा धीर तिला नव्हता. तिने फडक्याचं टोक बुडवलं आणि पोरीच्या डोळ्यांत पिळलं. एकदा नाही, दिवसात तीनदा. हॉस्पिटलात नेलं तेव्हा डोळ्यांवर पांढरं फूल पडलं होतं. तिथे तिने काही कबूल केलं नाही. नवऱ्याला, सासरी, माहेरी, सगळ्यांना एकच सांगितलं, गोवर आला आणि गोवरात डोळे गेले. बनूबाई मेली, तशी ही गोष्ट जाणणारं दुसरं माणूस उरलं नाही.

मोरीचं दार उघडलं. डोक्याला टॉवेल गुंडाळून तेजस्वी बाहेर आली, आणि खुर्ची करकरली तशी थबकली. "आई? हात लावलास ना तू?"

"तुला कुनी सांगितलं?" बकुळाचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

"काय?"

"वाटीचं."

पोरगी अशी किंचाळली की शेजारच्यांनी दार उघडावं. "तू वाचलंस! हाताने वाचलंस! आई, यार, कधी शिकलीस? कुणाकडे?"

"मी काय इचारते? वाटीचं कदीपासून म्हाईत हाय तुला?"

"अगं, वाटीवरच तर सगळा गेम उभा आहे!" तेजस्वी हसत हसत टेबल चाचपत जवळ आली. "पहिल्या दिवसापासून डोक्यात तीच होती माझ्या."

पहिल्या दिवसापासून. आणि ही हसतेय! एवढं सगळं माहीत असून आपल्या हातचं जेवली, आपल्या कुशीत झोपली, आपल्याला आई म्हणत राहिली.

"मुद्दाम नाय केलं गो," ती एकदम फुटली. "तुज्या गळ्याशप्पथ, मुद्दाम नाय. बनूबाई बोलली, चुन्याची निवळी घाल, डोळे साफ होतील. मना काय ठाव? निवळी बसूनच दिली नाय मी, घाई केली, खालचा चुना गेला फडक्यासंगती. माजीच चूक. पन मुद्दाम नाय गो बाय, आई कदी मुद्दाम करंल का?"

बोलता बोलता तिने वर पाहिलं. तेजस्वीचं हसू चेहऱ्यावरच होतं, पण विसरून राहिल्यासारखं. मग तेही गेलं. हात पुढे करून तिने पट्टी शोधली, ओळीवरून बोट नेलं, शेवटच्या घरावर थांबली आणि अंगठ्याने बटण दाबलं.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाय?"

"पुढचा शब्द. पट्टीवर वीसच घरं आहेत, आई. ओळ मोठी असली की उरलेली पुढच्या खेपेला येते. 'आईनं ते मुद्दाम केलं नाही.' तू बटण दाबलंच नाहीस." तिचा आवाज बँकेत गिऱ्हाइकाशी बोलावा तसा सपाट झाला होता. "दिव्यात घालायचं तेल होतं वाटीत. ते सांडतं, दिवा विझतो, लाइट आधीच गेलेली. सगळं गाव चाचपडायला लागतं, आणि काळोखात वाट माहीत असते ती फक्त त्या पोरीला. असा गेम आहे तो."

बकुळा पट्टीकडे बघत राहिली. ठिपके तसेच वर आलेले, चार घरं. एवढ्याशा शब्दावाचून तिने तेवीस वर्षं सांभाळलेलं स्वतःच्या तोंडाने ओतून टाकलं होतं. अजूनही काही सावरता येईल का, असं तिच्या मनात येऊन गेलं, आणि तिला स्वतःची किळस आली.

"गोवर नव्हता," तेजस्वी म्हणाली.

"नव्हता."

"पप्पांना माहीत आहे?"

"नाय."

"किती वेळा घातलंस?"

"तीनदा."

तेजस्वीच्या केसांतून पाणी ठिबकत होतं, ते पुसायचंही तिला सुचलं नाही. "पहिल्यांदा घातलंस तेव्हा मी ओरडले असेन ना?"

"लय ओरडलीस गो."

"मग दुसऱ्यांदा का घातलंस?"

डॉक्टर, नवरा, सासर, माहेर, कुणी काय विचारलं तर काय सांगायचं, याची उत्तरं बकुळाने इतकी वर्षं घोकून ठेवली होती. हा प्रश्न त्यांत नव्हता. तो तिने स्वतःलाही कधी विचारला नव्हता. आणि आता विचारल्यावर उत्तर मात्र जिभेवरच होतं, एवढं साधं की तिलाच हादरा बसला.

"ओरडलीस म्हनून," ती म्हणाली. "झोंबतंय म्हंजे लागू पडतंय, असं वाटलं मना."