कळलावीचा दोरा

कानिफनाथाने घरून आणलेली सहाण नाकाजवळ नेली आणि तिच्यावर वाळलेला पांढुरका लेप नखाने खरवडला. जामखेडच्या दवाखान्याच्या ओसरीत त्याची आई गोजरबाई कालच जन्मलेली नात मांडीवर घेऊन बसली होती. आत खाटेवर त्याची धाकटी बहीण विजयमाला. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी, खर्ड्याला आलेली. सुटका झाली खरी, पण रात्रीपासून ओकाऱ्या-जुलाबांनी तिचं पार चिपाड झालं होतं.

"कळलावीच ना, आये?"

"व्हय. किल्ल्यामागच्या कुपाटीतली."

"तू तर कमरेला बांधतेस. पोटात का दिलीस?"

गोजरबाई सुईण होती. अडलेल्या बाईच्या कमरेला कळलावीचा कंद काळ्या दोऱ्याने बांधायचा, बाळ रडलं की आधी दोरा तोडायचा, मगच नाळ. ही सासूकडून आलेली रीत तिने कधी मोडली नव्हती. तिने नवलाने लेकाकडे पाहिलं.

"तूच म्हनला हुतास की रं दिवाळीला. दोऱ्यानं काय व्हत न्हाई, समदा गुन आतल्या रसायनात, पोटात गेल्याबिगर लागू पडत न्हाई. म्हून उगाळून पाजली."

म्हणाला होता खरा. एकाहत्तरची दिवाळी. श्रीरामपूरला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या या गड्याने तेव्हा नुकतीच त्या कंदातून चिमूटभर पिवळसर भुकटी वेगळी काढली होती, आणि त्याचे पाय जमिनीवर नव्हते. त्या भुकटीचं नाव कॉल्चिसिन, हे त्याने आईला दोनदा ऐकवलं. ते जहर आहे, हे सांगायचं राहिलं. तेवढ्यात शेजारची छबूबाई फराळ घेऊन आली आणि बोलणं करंज्यांवर गेलं.

सलाइन लावून डॉक्टर बाहेर आले.

"नगरला न्यायला जीप सांगितलीय. सर, तुम्ही यातले जाणकार. उतारा काय याला?"

"नाही."

"काहीच नाही?"

कानिफनाथाने मान हलवली. त्या रेणूची आकृती तो झोपेतही फळ्यावर काढू शकला असता. त्याला स्वतःची किळस आली.

जीप अजून यायची होती; दुपारी ओकारी थांबली. विजयमाला उशीला टेकून बसली, लेकीला जवळ मागून घेतलं, भावाकडे बघून हसली. गोजरबाईच्या जिवात जीव आला. कानिफनाथाला मात्र ते हसू बघवेना. पुस्तकातही असंच होतं. आधी पोट बिघडतं, मग जरा उतार पडतो, मग पायांपासून अंग बधिर होत जातं आणि शेवटी श्वास.

गोजरबाई दाराशी येऊन त्याला हळूच म्हणाली, "बाधलं असंल दुसरं कायतरी. पर तुझ्या रसायनाला गुन हाय बग. घटकाभरात मोकळी झाली पोर. आळीतल्या गोरक्षनाथाची सून बी दिवसात हाय, तिला असंच पाजते."

खरं सांगावं, तर आपल्याच हाताने लेकीला काय पाजलं हे तिला आत्ताच कळणार होतं.

"नको. दोराच बांध, आये."

"आन् तू म्हनला हुतास ते?"

"खोटं होतं ते. मला काय कळतंय त्यातलं."

"मला वाटलंच हुतं," गोजरबाई म्हणाली आणि पहिल्यांदाच मोकळं हसली.

"दादा," आतून विजयमालेने हाक मारली, "पायाला मुंग्या आल्यात रं."

तो खाटेच्या कडेला बसला, तिचे दोन्ही पाय मांडीवर घेतले आणि चोळू लागला.

"जोरात चोळ की," ती म्हणाली.

तो जोरातच चोळत होता.