सुकेळ्यात साखर नसते

सातव्या महिन्यात माझी साखर वाढली आणि अख्ख्या सांडोर गावाला उपदेशाचा झटका आला. चर्चच्या पायरीवर बायका विचारायच्या, "प्रिन्सी, गोड फार खाल्लंस ना?" नाही खाल्लं! भात मोजून, चहा बिनसाखरेचा. गरोदरपणात ही साखर कुणाचीही वाढते, हे यांना कोण सांगणार?

डॉक्टरीणबाईंनी वही दिली होती. खाल्लेलं सगळं लिहायचं, जेवल्यावर दोन तासांनी बोट टोचून आकडा लिहायचा. एकशेवीसच्या आत हवा. माझा दुपारचा रोज एकशेसाठच्या वर.

"आठवड्यात उतरला नाही तर इन्सुलिन," बाई म्हणाल्या. "बाळ प्रमाणाबाहेर वाढतंय."

सुईची भीती नव्हती मला. बाळाची होती.

"जेवल्यावर काही खाता?"

"काही नाही. एक सुकेळं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ते वहीत का नाही?"

काय सांगू? ते खाण्यात धरायचं असतं हेच डोक्यात आलं नव्हतं. वाडीतली राजेळी केळी सोलून माझे सासरे, ॲन्सेल्मपपा, उन्हात वाळवतात, तेच सुकेळं. रोज जेवल्यावर एक हातावर ठेवायचे. "खा गं, साखरेचा कण नाही त्यात. नुसतं ऊन आहे."

"अहो, केळ्यातलं पाणी उडालं, साखर तिथंच राहिली," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर माझा नवरा स्टीवन कुजबुजला, "घेतल्यासारखं कर आणि मला दे. पपांच्या मनाला लागेल."

"तुझ्या बापाच्या मनासाठी मी नाटकं करू? पोर माझ्या पोटात आहे!" मी भडकले आणि पपांना तोंडावर सांगितलं.

त्यांचा हात सुकेळ्यासकट तसाच राहिला. "म्हणजे मीच बाळाला..."

"रडायचं नाही हां, पपा. तुम्ही तोंडात कोंबलं नव्हतं. मी आवडीनं खाल्लंय."

त्यांनी नाक पुसलं. "मग जेवल्यावर काय करायचं?"

"चालायचं."

"मग ऊठ. बसलीस काय?"

त्या दिवसापासून रोज दुपारी आम्ही वाडीत. पपा पुढे, केळीची पानं हातानं बाजूला करत. "हळू, पाट आहे." पाट मलाही दिसत होता. तरी पाऊल जपून टाकलं.

आठवडा संपला त्या दुपारी बोट टोचलं तेव्हा ते चष्मा लावून माझ्या डोक्यावर उभे.

"किती?"

"एकशे चौदा."

"परत टोच. मशीन चुकलं असेल."

"माझं बोट आहे पपा, शहाळं नाही!"

पपा हसले, मग खुर्चीत बसले आणि बराच वेळ चष्माच पुसत राहिले.

"उद्यापण चालायचं?"

"बाळ येईपर्यंत."

"मग ती चप्पल बदल आधी. घसरते ती."