टकलूने पाहिलेली हिरवी बाटली

मित्रांनो, एखाद्या दुकानात गेलात आणि मान वर केलीत, तर कोपऱ्यात छताजवळ एक गोल, फुगीर आरसा टांगलेला दिसेल. त्यात तुमचं नाक बटाट्याएवढं दिसतं आणि पाय काड्यांसारखे. हसू नका. तो मी, नाहीतर माझा एखादा भाऊ. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात मला 'बहिर्वक्र आरसा' असं भारदस्त नाव आहे. आमच्या दुकानात मात्र मला टकलू म्हणतात. आता वय झालं, मी मनाला लावून घेत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. प्लास्टिकचा एक सपाट तुकडा तापवला, खालून हवा भरून पुरीसारखा फुगवला आणि पाठीवर चकचकीत मुलामा दिला, की झालो मी तयार. त्या दिवशी आम्ही चाळीस भाऊ जन्मलो. काही घाटातल्या वळणांवर गेले, काही बसगाड्यांवर बसून गावोगाव हिंडायला लागले. माझ्या वाट्याला आलं वह्या, पेनं, रिबिनी आणि नेलपॉलिश विकणारं हे दुकान. बसवरच्या भावांचा मला फार दिवस हेवा वाटायचा.

सुरुवातीला माझा काय थाट होता! दुकानाच्या मालकीणबाई, म्हणजे सगळ्या शाळेच्या काकू, येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगायच्या, "आता गल्ल्यावर बसून मला मागचं कपाट दिसतं." रोज सकाळी मला ओल्या फडक्याने अंघोळ असायची. पण कौतुक किती दिवस टिकणार? एकदा पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसाच्या शिडीचा मला धक्का लागला आणि माझं तोंड छताकडे वळलं. कुणी सरळ केलं नाही. पुढची दोन वर्षं मी ट्यूबलाइटकडे बघत काढली. अंगावर धुळीचा थर चढला, पाठीमागे एका कोळ्याने बिऱ्हाड थाटलं. खालच्या कडेने नेलपॉलिशचं कपाट तेवढं थोडं दिसायचं, तेही मलाच. गल्ल्यावरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

त्या खालच्या कडेनेच मी तिला पाहिलं. आठवी-नववीतली मुलगी, पाठीवर दप्तर, अंगात मोठ्या खिशांचं जाकीट. आधी एक जांभळी बाटली उघड्या दप्तरात गेली. मग एक हिरवी, जाकिटाच्या खिशात. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. पण आरशाचं काम दाखवायचं, बोलायचं नाही.

ती दारापर्यंत पोचली आणि काकूंनी तिला थांबवलं. दप्तरातून जांभळी बाटली निघाली. मुलीच्या तोंडचं पाणी पळालं. ती म्हणाली, कपाटातून पडली असेल, मला माहीतच नाही. काकूंनी तिच्याकडून नंबर घेऊन तिच्या बाबांना फोन केला.

बाबा डेपोतून तडक आले, बसचालकाच्या गणवेशातच. मागच्या खिशातून एक पिवळं फडकं लोंबत होतं. काकूंनी सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाल्या, आता शाळेत कळवणार. मुलगी जमिनीकडे बघत उभी. बाबांनी तिला एकच विचारलं, "पिल्लू, घेतलीस?"

"नाही. पडली असेल."

बाबांना तेवढं पुरलं. ते काकूंकडे वळले आणि वकिलासारखे तावातावाने बोलू लागले. कपाट इतकं खचाखच भरलेलं, दप्तर उघडं, बाटली पडायला कितीसा वेळ लागतो? तुम्ही हिला बाटली उचलताना पाहिलंत का?

"पाहिलं की. आरशात," काकू म्हणाल्या.

मित्रांनो, मी चाटच पडलो. काकूंनी माझ्यात काहीही पाहिलेलं नव्हतं. ही मुलगी चार दिवस येत होती, काही न घेता जात होती, त्यावरून त्यांनी ताडलं होतं. पण ऐन वेळी त्यांनी माझं नाव पुढे केलं.

बाबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "ताई, मी बावीस वर्षं आरशात बघून पोट भरतोय. या आरशात तुम्हाला ट्यूबलाइटशिवाय काही दिसणं शक्य नाही. थांबा, दाखवतोच." असं म्हणून त्यांनी स्टूल ओढलं आणि ते माझ्यापाशी चढले. काकू रागाने खाली वाकून खणात शाळेचा नंबर शोधू लागल्या. मुलगी कपाटाजवळ उभी होती.

आता चालकाची सवय बघा. आरशासमोर आले की ते आधी तो पुसणार. त्यांनी पिवळं फडकं काढलं, माझ्यावर फुंकर मारली, गोल गोल हात फिरवला. कोळ्याला उठवलं. मग दोन्ही हातांनी धरून मला अलगद खाली वळवलं. दोन वर्षांनी मला सगळं दुकान दिसलं! आनंदाने मला भरून आलं. आणि नेमकं त्याच क्षणी, बाबांची पाठ आहे असं बघून, मुलीने खिशातून हिरवी बाटली काढली आणि हळूच कपाटात ठेवली.

बाबांचा हात माझ्यावरच थांबला. माझ्यात त्यांचा चेहरा मोठा दिसत होता आणि मागे ती, नखाएवढी. त्यांचे डोळे भरून आले हे फक्त मी पाहिलं.

ते खाली उतरले तेव्हा काकू डोकं वर करून माझ्याकडे बघत होत्या. त्यांचा सूर नरमला होता. "भाऊ, खरं सांगू? मला दिसत नव्हतंच. मी उगाच तसं म्हटलं. पडलीही असेल बाटली. चुकलं माझं. शाळेत नाही कळवत."

बाबा जिंकले होते. आता मुलीचा हात धरून ताठ मानेने बाहेर पडायचं, एवढंच उरलं होतं. पाहिलं होतं फक्त त्यांनी आणि मी, आणि मला वाचा नाही. हा माणूस आता काय करतो, म्हणून माझा जीव टांगणीला लागला.

"माफी मागू नका, ताई," बाबा म्हणाले. मग मुलीकडे वळले. आवाज चढवला नाही. "मी वर होतो तेव्हा तू काय करत होतीस?"

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिची नजर माझ्यावर पडली. माझ्यात सगळं लख्ख दिसत होतं. गल्ला, बाबा, कपाट, ती स्वतः.

"हिरवी परत ठेवत होते," ती म्हणाली. "दोन्ही मीच घेतल्या. मला रंग नको होता. वर्गातल्या मुली म्हणाल्या, तुझ्यात दम नाही."

ती रडली. बाबांनी रडू दिलं. मग त्यांनी काकूंसमोर हात जोडले आणि सांगितलं की मी तुमच्याशी नको तेवढा भांडलो, तेही खोट्यासाठी. काकूंनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, थोडं खोटं माझ्याही पदरात आहे. शेवटी असं ठरलं की मुलीने महिनाभर दर शनिवारी येऊन दुकानातली सगळी कपाटं पुसायची. शाळेचा नंबर खणातच राहिला. पण आईला सगळं मुलीने स्वतः सांगायचं, असं बाबांनी बजावलं. तेव्हा तिचा चेहरा चोरी पकडली गेली तेव्हापेक्षाही जास्त उतरला.

निघताना बाबा माझ्याखाली थांबले. "आत्ता यात तू मला एवढीशी दिसलीस," त्यांनी बोटाच्या पेरावर माप दाखवलं. "अशा आरशात मागची गाडी असते त्यापेक्षा लांब दिसते. नवीन चालकाला वाटतं, अजून बराच वेळ आहे. तो तिथेच चुकतो. मी इतका जुना, तरी तुझ्या बाबतीत चुकलो बघ, पिल्लू. वाटलं, तू अजून लहानच आहेस."

"बाबा, दुकानात पिल्लू म्हणू नकोस ना," ती नाक ओढत म्हणाली. पण तिने त्यांचा हात सोडला नाही.

महिना कधीच संपला, तरी ती शनिवारी येते. म्हणते, काकूंना एकटीला होत नाही. स्टुलावर चढून आधी मला पुसते, मग जीभ काढून वेडावते, आणि काकू गल्ल्यावरून ओरडतात, "मला दिसतंय हं!" आता त्यांना खरंच दिसतं. सव्वाचारला रस्त्यावरून बाबांची बस जाते आणि तिच्यावरचा माझा भाऊ क्षणभर चमकतो. त्याचा मला आता हेवा वाटत नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या ओळखीचा एखादा टकलू कुठे तोंड फिरवून, धूळ खात लटकत असेल, तर त्याला पुसा आणि सरळ करा. मग त्याच्यात जरा वेळ बघा, मागे कोण उभं आहे. ते दिसतं तितकं लांब नसतं.