कानांसाठी मांडलेले पान

मी एक जुने इंजिन आहे. मित्रांनो, लगेच माझी चाके शोधू नका. मला चाके नाहीत आणि मी धूरही सोडत नाही. तुम्ही एखादे संकेतस्थळ उघडता, तेव्हा पलीकडून नुसत्या सूचना येतात: इथे शीर्षक, इथे चित्र, इथे तक्ता. त्या वाचून पान मांडायचे, हे माझे काम. तुम्हाला ब्राउझर दिसतो. त्याच्या पोटात मी असते.

माझा जन्म वसतिगृहाच्या एका खोलीत, चहाचे डाग पडलेल्या टेबलावर झाला. घडवणाऱ्यांनी मला कुलूप लावले नाही. माझी ओळ न् ओळ कोणीही वाचावी, सुधारावी, फुकट न्यावी, असे त्यांनी ठरवले. त्यामुळे माझा गोतावळा मोठा. कोणी माझ्यावर ब्राउझर बांधला, कोणी दुकानातला दरांचा फलक, तर एकीने पाने मोठ्याने वाचून दाखवणारा ‘वाचक’ बांधला.

या वाचकामुळे मी प्रत्येक पान दोनदा मांडायला शिकले: एकदा डोळ्यांसाठी, एकदा कानांसाठी. दुसरी मांडणी दिसत नाही, म्हणून तिचे कौतुकही कोणी करत नाही.

एका बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवर एक मावशी बसत. त्यांना दिसत नसे. वाचक कानात वेळापत्रक सांगे आणि मावशी प्रवाशांना उत्तर देत.

“मावशी, बंदराची गाडी?”

“आठ वीस, फलाट तीन. आणि केळ्याचं साल खाली टाकू नका. वास आलाय मला.”

माझी देखभाल करणाऱ्यांत एक तरुण होता. निकामी कोड दिसला की तो झाडून टाकी, म्हणून सगळे त्याला केरसुणी म्हणत. एकदा त्याला माझ्यात एक जुना तुकडा सापडला. तक्त्यात रिकामा चौकोन आला, की कानांच्या मांडणीत ‘रिकामे’ असे सांगायचे, एवढेच त्या तुकड्याचे काम.

“हे कशाला हवंय?” म्हणत केरसुणीने तो काढला आणि पाने तपासली. सगळी जशीच्या तशी दिसली. सहकाऱ्यानेही पाहून मान डोलावली. झाले!

वेळापत्रकात, गाडी जिथे थांबत नाही तिथे चौकोन रिकामा असे. आता वाचक तो गाळू लागला आणि पुढच्या थांब्याची वेळ आधीच्या थांब्याला चिकटली. मावशींच्या शब्दावर इस्पितळासाठी गाडीत बसलेल्या एका आजोबांना घेऊन ती गाडी इस्पितळासमोरून तशीच पुढे गेली.

स्थानकप्रमुख खिडकीशी आले. “मावशी, चुका वाढल्यात. सोमवारपासून इथे रेकॉर्ड केलेला आवाज लावतो. तुम्ही आत टपालाचं बघा.”

“साहेब, त्या आवाजाला कुणी उलट प्रश्न विचारला तर?”

“तो उत्तर देणार नाही. पण चुकणारही नाही.”

मावशी गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी एका कंडक्टरला कागदी वेळापत्रक वाचायला लावले, वाचकाशी ताडून पाहिले आणि फरक हेरला. मग इंटरनेटवर माझ्याबद्दलच्या तक्रारींचा खुला फळा आहे, तिथे सगळे लिहिले.

केरसुणीचे उत्तर आले, “मला तर पान नीट दिसतंय.”

मावशींनी लिहिले, “दिसणारच रे, बाळा. आता डोळे मिटून बघ.”

तो हसला. मग त्याने खरोखर पडदा बंद केला, कानाला हेडफोन लावला आणि वेळापत्रक ऐकत मनातल्या मनात इस्पितळाला निघाला. पडदा उघडून ताडून पाहिले, तर पोहोचला होता थेट बंदरावर!

“अरे देवा,” तो म्हणाला, “घर झाडता झाडता मी घरातलं माणूसच बाहेर काढलं की!”

त्याने तो तुकडा परत बसवला आणि एक नवा नियमही लावला: पडदा बंद करून वेळापत्रक ऐकल्याशिवाय माझ्यातला कोणताही बदल पुढे जाणार नाही.

सोमवारी स्थानकप्रमुख रेकॉर्डिंगचा खोका काखेत घेऊन आले. खात्री करावी म्हणून त्यांनी आवाज बदलून विचारले, “इस्पितळाची गाडी?”

“नऊ दहाची थांबत नाही, नऊ चाळीसची घ्या. बरं नाही का, साहेब?”

रांग खो खो हसली. तो खोका अजून खिडकीतच आहे. मावशी त्यावर चहाचा कप ठेवतात.

मित्रांनो, तुम्ही काही बनवाल किंवा आवराल, तेव्हा आपल्याला नीट दिसले म्हणजे काम झाले, असे समजू नका. ते ज्याला वापरायचे आहे, त्याच्या जागी एकदा बसून पाहा. आणि माझ्यात चूक सापडली तर जरूर सांगा. माझे दार उघडेच आहे. मावशींसारखे जरा चिडवून सांगितले, तरी चालेल.