हाताची सात रेखाटनं

पॅरिसला पाच वर्षं वास्तुकला शिकून मी फ्रान्सच्या लिमुझँ प्रांतातल्या आमच्या गावी परतलो, तो एकच ध्यास घेऊन. आमच्या चर्चमधला सातशे वर्षांपूर्वीचा चांदीचा हात, ज्याच्या पोकळीत आमच्या संतिणीचं हाड आहे, तो मला सात बाजूंनी रेखाटायचा होता. नाव न कोरता मरून गेलेल्या आमच्या सोनारांची कला कुठल्याही राजवाड्यापेक्षा कमी नाही, हे त्या सात तावांवरून जगाला पटेल असं मला वाटे.

दर सात वर्षांनी तो हात आजाऱ्यांच्या कपाळाला लावतात. थंड धातू आजाऱ्याला लावू नये, म्हणून आधी गावातली एक बाई तो मांडीवर घेऊन तळहातांनी त्याला ऊब देते. तीस वर्षं ते काम माझ्या आईकडे होतं. आता संधिवातानं तिची बोटं इतकी आखडली होती, की तिला सूपही मीच भरवत असे. तिचे हात बरे व्हावेत, एवढंच मी रोज मागत होतो.

चर्चचा म्हातारा घंटावाला गोदँ माझ्या खांद्यावरून बघायचा. "पाच वर्षं शिकून नुसता हातच काढतोस होय रे? बाकीचा माणूस पुढच्या इयत्तेत होता वाटतं."

तिसऱ्या तावावर अंगठ्याच्या मुळाशी एक चंद्रकोरीसारखा डाग उमटला. पेन्सिल घसरली असेल म्हणून मी तो खोडला आणि पुन्हा निरखून पाहिलं. डाग चांदीवर होता.

"तो पहिल्यापासूनचाच," गोदँ म्हणाला.

मी लहान असताना माझ्यासाठी चेस्टनट भाजताना आईचा अंगठा पोळला होता, तिथे तसाच डाग होता. संध्याकाळी पाहिलं तर तिच्या अंगठ्यावर काही नव्हतं.

"आई, डाग कुठे गेला?"

"कसला डाग? जेव आधी, निवतंय." चमचा तिनं स्वतःच धरला होता.

चौथ्या तावावर चांदीची करंगळी वाकडी आली आणि आईनं कणीक मळली. पाचव्यावर पेरं सुजलेली आली, त्या दिवशी तिनं माझ्या कोटाचं बटण शिवलं. मी आनंदानं वेडा होऊन रेखाटत राहिलो. तिचे हात तेवढे गार लागायचे, ओढ्यावरून आल्यासारखे. सहाव्या तावात तळहाताच्या रेषा आल्या. घरी येऊन खिडकीपाशी मी तिचा हात उलटा करून तळवा पाहिला. त्यावर एकही रेष नव्हती.

"शेवटचा राहिला ना रे?" तिनं विचारलं.

"राहू दे आता."

"अर्धवट टाकायला शिकवलं का तुला तिथे? मार्सियाल, वर्षानुवर्षं मी पहाटे दुखण्यानं उठत होते. आता झोप लागते मला." ती एखाद्या मुलीसारखी हसली. त्या हसण्यापुढे मला नाही म्हणवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पालथ्या हाताच्या शिरा एकेक करून रेखाटल्या. शेवटची शीर पुरी झाली तेव्हा चांदी कोमट होती.

घरी आई दाराशी खुर्चीत बसली होती. तिनं मला पायाशी बसवलं आणि हात कपाळावर ठेवला. तो इतका गार होता, की माझा सगळा शीण उतरला.

"बरं वाटतंय?"

"हो," मी म्हणालो, आणि ते खरं होतं.

डोळे उघडले तर अंगणात शेजारपाजारची माणसं गुपचूप रांगेत उभी होती. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. सगळ्यांत पुढे गोदँ होता, टोपी काढून, बाहीनं कपाळ पुसत.