दुपारची मोकळी

ताप गेला, पण जाताना थोरलीच्या अंगातली सगळी रग घेऊन गेला. दुपारी खाटेवर पडलं की खिडकीतून शेड दिसे आणि जाळीआड कोंबड्यांचं पांढरं, धूसर हलणं. त्यांची कुरकुर पाण्याखालून आल्यासारखी कानावर येई. डोळा लागे, उघडे, कुरकुर तीच.

नवरा ट्रकवर, कायम बाहेरगावी. घरात बोलायला काय तो धाकटा दीर. शेड त्याचीच. खाली तुसाची जाड गादी, वर पत्रा, वेळच्या वेळी खाद्य. अंडी नेमानं मिळत. पण हल्ली कोंबड्या एकमेकींची पिसं उपटू लागल्या होत्या.

"खाऊपिऊ घालतोय, तरी या एकमेकींच्या जिवावर उठल्यात," जेवताना तो वैतागून म्हणाला.

थोरली ताटात नुसतीच बोटं फिरवत होती. "भाऊजी, कोंडून घातलं की माणूससुद्धा स्वतःची नखं खातं. बाहेर सोडून बघा की."

"आणि घार? मुंगूस? आधीच्या मोकळ्याच तर होत्या. निम्म्या मुंगसानं नेल्या, उरलेल्या अंडी कुठं घालायच्या ते त्यांनाच ठाऊक. नको वहिनी, एकदा हात पोळलेत."

त्याचंही खरंच होतं.

एका दुपारी तो खाद्य आणायला गेला आणि ती उठली. का उठली, तिलाही सांगता आलं नसतं. भिंतीला धरत, झोपेत चालावं तशी अंगण ओलांडून गेली आणि शेडची कडी काढली.

कुणीच बाहेर आलं नाही. उंबऱ्यापुढं ऊन पसरलेलं आणि आत सगळ्या माना लांब करून त्या उन्हाकडं बघत उभ्या. थोरली तिथंच टेकली. बऱ्याच वेळानं उघड्या मानेची, सगळ्यांचा मार खाल्लेली एक पुढं आली. तिनं गवतावर पाय ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग कोरड्या मातीत आडवी पडून तिनं पंखांनी अशी धूळ उडवली की जणू जन्मभर तेवढंच करत आली होती. तिच्यामागून दुसरी आली, मग सगळा घोळका. सोनेरी धुरळा उठला. थोरलीला वाटलं, आपणही त्यात हलके हलके तरंगतोय.

इतक्यात गवतावरून एक सावली सरकली. घार!

घागर उचलायला बळ नसलेली थोरली ताडकन उभी राहिली. "हाऽऽड!" असा आवाज फुटला की कोंबड्या तर आत पळाल्याच, पण रस्त्यावरचा दीरही पोतं टाकून धावत आला.

"वहिनी! काय केलंत हे?"

"एकही गेली नाही," ती धापा टाकत म्हणाली. "रागवा हवं तर. पण आधी हिच्याकडं बघा."

उघड्या मानेची दाराशी अंग झटकत उभी होती. शेजारच्या दोघी तिला टोचत नव्हत्या. दीरानं वाकून तिची मान निरखली. मग पोतं आणायला परत गेला.

दोन्हींतलं बरं तेवढं घ्यायचं ठरलं. त्यानं शेडपुढची जागा, सावलीच्या झाडासकट, जाळीनं घेरली. वरूनही जाळी ताणली. सकाळी अंडी आतच, दुपारी बाहेर, दिवेलागणीला परत तुसावर. किडे-गवत मिळू लागलं तसं खाद्य थोडं कमी लागू लागलं, तूस कोरडं राहू लागलं, बलक गडद झाला. माना भरून आल्या. मुंगसानं एकदा जाळीखालून उकरून एक नेलीच. दीर आठवडाभर हळहळला, मग त्यानं कडेनं दगड पुरले.

दुपारची राखण थोरलीकडं आली. पहिल्यांदा खुर्ची घेऊन, मग खुर्चीशिवाय.

नवरा घरी आला तेव्हा खाट रिकामी होती. घाबराघुबरा होऊन तो मागं गेला. ती झाडाखाली मातीत बसली होती, डोळे अर्धे मिटलेले, पदरावर एक कोंबडी.

"अगं, आत कुठून यायचं?" त्यानं जाळीबाहेरून विचारलं.

"तिकडून. चपला काढा," ती न हलता म्हणाली, "आणि हळू या. बिचकतात."