जाळी बसवलेली विहीर

टप्प. माठाखालच्या वाटीत थेंब पडला, तशी दिपाली दचकली. दुपारी घरभर पसरलेल्या शांततेत तेवढाच काय तो आवाज. चार वर्षांची लेक दर्शनी तिच्या मांडीवर डोकं ठेवून निजली होती आणि फोनवर नगरपंचायतीचं पान हळूहळू उघडत होतं.

बचत गटाच्या बैठकीत मॅडमनी हे दाखवलं होतं. वर्ष निवडायचं, वार्ड निवडायचा, की गावाचा खर्च घरबसल्या समोर. शेजारची पंचफुलाबाई तेव्हाच फिसकन हसली होती, "दिपाले, घरातला हिशोब पुरंना, आता गावाचा घेती काय वं?"

दिपालीला गावाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला एकच बघायचं होतं. अंगणवाडीच्या मागं उघडी विहीर होती. कठडा जेमतेम गुडघ्याएवढा. मागच्या आठवड्यात दगडोबाचं करडू त्यात पडलं. थोडा वेळ ओरडलं, मग ओरडायचं थांबलं. तेव्हापासून दर्शनीला तिथं सोडून आली की ती सुटेपर्यंत दिपालीचं कशात लक्ष लागत नव्हतं. तिचा नवरा शिवहार नगरपंचायतीच्या पाणीपुरवठ्यात कंत्राटावर होता. तो म्हणायचा, "मंजूर झाली की बसंल जाळी. तू काहून घोर लावून घेती?"

पान उघडलं. वार्ड चार. अंगणवाडीमागील विहिरीस लोखंडी जाळी बसविणे. काम पूर्ण. बिल अदा.

आज सकाळीच तर ती विहीर बघून आली होती. उघडी. तिनं 'कामाचा फोटो' यावर बोट टेकवलं.

नवी कोरी जाळी. मागं वाकडा शेवगा. कठड्यावर एक पाय ठेवून शिवहार उभा. विहीर त्यांच्याच शेतातली.

पाडव्याला तो जाळी घेऊन आला होता. "साहेबानं उरलेली देऊन टाकली." दिपालीनं त्या जाळीला हळदकुंकू वाहिलं होतं, नारळ फोडला होता. शेतात खेळणाऱ्या लेकराची काळजी मिटली म्हणून.

तेवढ्यात फोन थरथरला. शिवहारच.

"जेवली का? दर्शनी निजली काय?"

"उद्या दर्शनीला अंगणवाडीत तुमी सोडा," ती कशीबशी म्हणाली. "अन् सुटेपर्यंत विहिरीपाशी उभे राहा."

शिवहारचा आवाज एकदम खाली आला, "उद्यापासून तिला पाठवूच नगं."

"अन् बाकीची लेकरं?"

फोन कटला. बोललं तर शिवहारची नोकरी जाणार, कदाचित पोलीसही येतील दारात. न बोललं तर उद्या दहा वाजता बावीस लेकरं त्या कठड्याशेजारी खेळणार.

मांडीवर चुळबुळ झाली. दर्शनीनं डोळे चोळत फोनात डोकावलं.

"बाबा! आई, ही आपली विहीर हाय ना?"

"व्हय, बाळा."

दर्शनीनं चिमुकलं बोट जाळीवरून फिरवलं.

"आई, आपल्या विहिरीला जाळी हाय. मंग आमच्या अंगणवाडीच्या विहिरीला काहून न्हाई?"